अविश्वासाची सहल

आमच्या सरपंचबाईंना खाली खेचायचं, हे आमच्याच घरी ठरलं. मी तेव्हा मागच्या खोलीत ब्लाउजला हुक लावत बसले होते. पुढच्या खोलीत माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बसले होते; त्यांच्यासोबत गावचे उपसरपंच आणि उपसरपंचांच्या पॅनलची दोन माणसं होती. ग्रामपंचायतीची मेंबर मी होते, पण बैठकीला मला कोणी बोलावलं नव्हतं. चहाचा ट्रे घेऊन नवरा पुढे गेला आणि परत येऊन दारातूनच म्हणाला, "तुही सही लागते. वाचून पाह्य पाह्यजे त."

मी अविश्वासाचा अर्ज वाचला आणि सही केली. कोणी दम दिला म्हणून केली नाही. माझा राग खरा होता.

आमचं गाव कारंज्याकडच्या महामार्गापासून थोडं आत आहे. गाव लहान, पण आजूबाजूच्या खेड्यांना बाजार एकच, त्यामुळे बाजाराच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. बसथांब्याला लागून पंचायतीची मोठी मोकळी जागा आहे. तिथे भाजीवाले बसतात, कापडवाले पाल टाकतात, आणि रस्त्याच्या कडेने जंगलपट्ट्यातल्या गोंड बाया बसतात. त्यांच्यापुढे हंगामाप्रमाणे चारोळी, डिंक, आवळे, सीताफळं, बांबूच्या टोपल्या असतात. रस्त्याकडची ती पट्टी गावातली सगळ्यात चालती जागा. तिथे दुकानांचे गाळे बांधायचे, ही उपसरपंचांची जुनी इच्छा. त्यांचं स्वतःचं कृषी केंद्र बाजारओळीत होतं आणि गावातले बरेच व्यापारी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

सरपंचाची जागा त्या खेपेला आदिवासी महिलेसाठी राखीव निघाली, तेव्हा त्यांनीच ह्या बाईंना उभं केलं होतं. बाई गोंड समाजाच्या, बारावी शिकलेल्या, नवरा वनमजूर. निवडून आल्या की सांगू तिथे सही करतील असा सगळ्यांचा हिशेब. पहिलं वर्ष तसंच गेलं. मग गाळ्यांचा ठराव आला आणि बाईंनी सांगितलं, बाजारात बसणाऱ्यांना आधी दुसरी जागा दाखवा, मग पाहू. जागा कोणी दाखवली नाही आणि बाईंनीही हट्ट सोडला नाही. प्रत्येक मासिक सभेत तो विषय यायचा आणि तसाच पुढे जायचा.

मला त्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. माझं भांडण वेगळं होतं. माझ्या वार्डातली नाली तुंबून पाणी लोकांच्या अंगणात शिरायचं, आणि मी कितीदा सांगूनही बाई आधी आपल्या टोल्याची, म्हणजे गोंड वस्तीची, पाइपलाइन करून घेत होत्या. एकदा भर सभेत त्या मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या इकडं पाणी जास्त होते म्हून बोंब हाये, आमच्या इकडं पाणीच नाई." सगळे हसले होते. ते हसणं माझ्या मनात राहून गेलं होतं. तेव्हा तहसीलदारांकडे जाणाऱ्या अर्जावर मी लगेच सही केली.

अर्ज गेला, विशेष सभेची तारीख कळली, आणि कळली त्याच दिवशी दुपारी आमच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. देवदर्शनाला जायचं, असं सांगण्यात आलं. अशा वेळी मेंबरांना सहलीला नेतात हे मला माहीत होतं, पेपरात वाचलेलं होतं. पण ते आपल्या घरी घडलं की कसं वाटतं, ते तेव्हा कळलं. सासूबाईंनी डब्यात चिवडा भरून दिला. नवऱ्याने माझी बॅग गाडीत ठेवली. मी त्याला म्हटलं, "मी पळून जाणार हाये का कुठी?"

तो म्हणाला, "सगळेच चालले. तू एकटीच मागं राहशीन त लोक काय म्हणतीन?"

ठराव पास व्हायला नऊ हात लागत होते आणि उपसरपंचांकडे बरोबर नऊ मेंबर होते. एकही जास्त नाही. म्हणून ही राखण.

मागच्या गाडीत आम्ही चौघी बाया होतो. माझ्या शेजारी मजूर वस्तीतून निवडून आलेली मावशी बसली होती. साठीच्या पुढची, विधवा, सभेत कधी तोंड न उघडणारी. तिला वावरातून थेट गाडीत बसवलं होतं. अंगावर कापूस वेचायची जुनी साडी, पदराला कापसाच्या काड्या चिकटलेल्या. गाव सुटल्यावर तिने हळूच विचारलं की आपण घरावरून जाणार का, कारण बीपीच्या गोळ्या फळीवर राहिल्या आहेत. समोर उपसरपंचांचा साळा बसला होता. तो म्हणाला, गोळ्या कुठेही भेटतात, रस्त्यात घेऊ. रस्त्यात गाडी थांबली ती चहाला. मेडिकल समोरच होतं, पण मावशीला गोळीचं नाव सांगता येईना, आणि साळ्याने "उद्या पाहू" म्हणून विषय संपवला.

दर्शन झालं, ते खरं. पण परतीचा रस्ता गावाकडे वळला नाही. आम्हाला परतवाड्याच्या बाजूला, संत्र्याच्या बागेतल्या एका घरात नेलं. मालक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. जेवण चांगलं, गाद्या नव्या, गच्चीवरून सगळीकडे हिरवी झाडं. फाटकाला आतून कुलूप. पोहोचल्यावर उपसरपंच स्वतः आले, सगळ्यांशी गोड बोलले आणि सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले. विरोधी लोक फोन करून त्रास देतील, तुमच्याच भल्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. पुरुष मेंबरांनी हसतहसत दिले. मी देताना एवढंच म्हटलं की पोरगी दहावीला आहे, संध्याकाळी एकदा बोलू द्या. ते म्हणाले, "वहिनी, घरची काळजी करू नका. तुमचे भासरे हायेत ना."

संध्याकाळी फोन मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुरुष पत्ते खेळत होते. आम्ही बाया गच्चीवर बसून राहायचो. चौघींना एकमेकींशी काय बोलावं तेही सुचत नव्हतं, कारण कोण काय कोणाला सांगेल याचा नेम नव्हता. मी मेंबर होऊन चार वर्षं झाली होती, पण आपला हात म्हणजे सांभाळून ठेवायची वस्तू आहे, हे मला त्या बागेत पहिल्यांदा दिसलं. आणि वस्तू सांभाळणारे माझ्याच घरचे होते.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मावशी हात धुवायला उठली आणि भिंतीला टेकून तशीच खाली बसली. चेहरा लालसर काळा पडला होता, डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. नाकातून रक्ताची धार आली. मी पदराने नाक दाबलं, डोक्यावर पाणी टाकलं, आणि साळ्याला गाडी काढायला सांगितलं.

तो उपसरपंचांना फोन लावत राहिला. फोन लागेना. मग म्हणाला, ऊन लागलं असेल, जरा पडू द्या. बाकीचे मेंबर पत्ते खाली ठेवून उभे होते, पण पुढे कोणी येईना. त्यातला एक जण हळू आवाजात म्हणाला की दवाखान्यात नेलं आणि कोणी ओळखीचं भेटलं तर गोष्ट फुटेल.

मी साळ्याला म्हटलं, "हे बाई इथं मेली त तुमचे नऊचे आठ होतीन. मंग कोणाचा हात वर करान?"

ते बोलणं मलाच नंतर कितीतरी दिवस टोचलं. माणूस वाचवायचं म्हणून मी सांगत होते, पण त्यांना कळेल अशा भाषेत सांगावं लागलं. गाडी मात्र निघाली.

जवळच्या गावात एका डॉक्टरांचा छोटा दवाखाना होता. त्यांनी बीपी पाहिलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं. मीच नातेवाईक आहे असं त्यांना वाटलं असावं. गोळ्या इतके दिवस बंद का, असं त्यांनी विचारलं. मावशीला आत खाटेवर निजवून सलाइन लावलं. साळा बाहेर गाडीजवळ बिडी ओढत उभा होता. औषधं देणाऱ्या बाईकडे मी फोन मागितला. तिने काही न विचारता दिला.

मला पाठ असलेला नंबर एकच, घरचा. पोरीने उचलला. आधी ती रडली, मग रागावली. मी कुठे आहे ते मी सांगितलं नाही, कारण तिला ते कोणाला सांगावं लागेल अशी पाळी मला तिच्यावर आणायची नव्हती. अभ्यास, जेवण, सासूबाईंचा गुडघा, सगळं विचारून झालं. मग ती सहज म्हणाली, "आई, बाबा मोठ्या बाबाले विचारत होते, आपल्याले कोपऱ्यातलाच गाळा भेटन ना म्हून. आपलं दुकान तिकडं जाणार हाये का?"

मोठे बाबा म्हणजे माझे भासरे. आमचं दुकान बाजारओळीत भाड्याच्या खोलीत होतं. अर्ध्या भागात नवऱ्याचं झेरॉक्स आणि वह्यापुस्तकं, अर्ध्यात माझं शिलाई मशीन. नव्या गाळ्यांतला एक आम्हाला मिळणार, असा शब्द झालेला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीतल्या पोरीलासुद्धा.

मी फोन परत दिला आणि मावशीच्या खाटेशी जाऊन बसले. तिने डोळे उघडून विचारलं, "कोणी पाह्यलं त नाई ना आपल्याले?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तू बोलली म्हून आणलं मले." मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडीत उपसरपंच आमच्यासोबत बसले. सभेत बोलायचं काही नाही, तहसीलदार साहेब विचारतील तेव्हा फक्त हात वर करायचा, असं त्यांनी दोनदा समजावलं. मावशीची त्यांनी चौकशी केली, आपल्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं, आणि तिचं घरकुल या यादीत नक्की बसवतो असंही सांगितलं. मावशी मान हलवत राहिली. मी खिडकीबाहेर बघत होते. माझं काही ठरलं नव्हतं.

ग्रामपंचायतीसमोर गर्दी होती. पोलिसांची गाडी उभी होती. एका बाजूला पॅनलची पोरं, हातात गुलालाच्या पिशव्या आणि फटाक्यांची माळ. रस्त्यापलीकडे झाडाखाली जंगलपट्ट्यातल्या बाया बसल्या होत्या. बाजाराचा दिवस नव्हता, तरी आल्या होत्या. सोबत टोपल्या नव्हत्या. त्यांच्याकडे बघून आत जाणं मला जड गेलं. गर्दीत भासरे दिसले, आणि त्यांच्या मागे नवरा. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी नजर वळवली.

सभागृहात तहसीलदार मधल्या खुर्चीवर होते. सरपंचबाई नेहमीसारख्या कडक इस्त्रीच्या साडीत एका बाजूला बसल्या होत्या. चेहरा सुकलेला. त्यांच्या बाजूचे दोन मेंबर त्यांच्याशेजारी. तहसीलदारांनी अर्ज वाचून दाखवला. विश्वासात न घेता कारभार, विकासकामांत अडथळा, मेंबरांना अपमानास्पद बोलणं. शेवटचं कारण माझ्यामुळे घातलेलं होतं. मग त्यांनी सरपंचबाईंना बोलायला सांगितलं.

बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता. त्या म्हणाल्या, "बाजाराची जागा माह्या बापाची नाई, आन् इथं बसलेल्या कोणाच्याच बापाची नाई. म्हून मी सही नाई केली. बाकी मी कोणाले वाकडं बोलली असन, त बोलली असन. त्याच्यासाठी काढाचं असन त काढा. पण त्याच्यासाठीच काढून राह्यले असं म्हणू नका."

त्या खाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्या विनवायला आल्या असत्या, माझ्या घरी निरोप धाडला असता, तर माझा राग टिकला असता असं मला आजही वाटतं. पण त्यांनी माझ्या तक्रारीची आणि गाळ्यांची गाठ सोडवून दोन्ही वेगळी ठेवली, आणि मला ते दोन्ही नीट दिसलं.

ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत, असं तहसीलदार म्हणाले.

हात वर झाले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. ते उचलायचे नाहीत असं मी ठरवलं असं म्हणता येणार नाही, ते उचललेच गेले नाहीत. शेजारी मावशीने खाली मान घालून हात वर केला होता. सलाइनच्या सुईची पट्टी अजून हातावर होती. मागून कोणीतरी कुजबुजलं, "वहिनी, हात." खिडकीच्या गजांना बाहेरून माणसं चिकटली होती, त्यात भासऱ्यांचा चेहरा होता. तहसीलदारांनी हात मोजले, पुन्हा मोजले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, अर्जावर तुमची सही आहे. तुमचं काय?"

मी म्हटलं, "सही माझीच हाये साहेब. पण मी ठरावाच्या बाजूनं नाही."

उपसरपंच उठून उभे राहिले आणि काहीतरी बोलू लागले. तहसीलदारांनी त्यांना खाली बसवलं, आणि आवश्यक मतं नसल्याने ठराव फेटाळला, असं लिहून घेतलं. सगळे उठल्यावरही मी बसून होते.

बाहेर फटाके वाजले नाहीत. गर्दी पांगत होती, पण शिव्या ऐकू येत होत्या, आणि एक पोलीसबाई न सांगता माझ्या बाजूने चालू लागली. रीतीप्रमाणे भासरे माझ्याशी कधी समोरासमोर बोलत नसत, काही सांगायचं तर जावेकरवी सांगत. त्या दिवशी ते रस्त्याच्या मधोमध माझ्यापुढे येऊन थांबले. म्हणाले, "माह्या घरातून हे झालं. आता मी कोणाले तोंड दाखवू?" उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. आवाज चढवला असता तर मी काही बोलू शकले असते.

झाडाखालच्या बाया उठून उभ्या होत्या. त्यातल्या एकीने मला बघून नुसता पदर सावरला. मी घरी गेले.

नवरा संध्याकाळपर्यंत आला नाही. आल्यावर पलंगावर बसून राहिला. पोरीला शेजारी पाठवून मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि गाळ्याचं विचारलं. तो म्हणाला, आपल्यासाठीच करत होतो, भाड्याच्या खोलीत जन्म जाईल. मी म्हटलं, माझा हात देऊन गाळा घेतला आणि मलाच सांगितलं नाही. तो म्हणाला, "सांगतलं असतं त तू काय म्हटलं असतं?"

मी खरं तेच सांगितलं. "मले नाई माहीत. कदाचित हो म्हटलं असतं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला मारलं. पण माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

दुकानाची खोली आम्हाला सोडावी लागली. घरमालक उपसरपंचांचे व्याही, त्यांनी खोली मुलाला हवी म्हणून सांगितलं. मशीन घरच्या ओसरीत आलं. काही बाया वाट वाकडी करून ब्लाउज दुसरीकडे टाकू लागल्या, काही नव्याने येऊ लागल्या. नवऱ्याने कारंज्याला एका पुस्तकाच्या दुकानात काम धरलं. गाळे अजून झालेले नाहीत. बाजार तिथेच भरतो. पुढच्या निवडणुकीनंतर काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

सरपंचबाईंनी माझे आभार मानले नाहीत. पुढच्याच सभेत नालीवरून आमचं पुन्हा वाजलं आणि त्यांनी मला पुन्हा फटकारलं. तेव्हा मला बरं वाटलं. मावशीचं घरकुल मात्र मंजूर झालं. ती माझ्या ओसरीत येऊन बसते, गोळ्यांची नावं मला वाचायला लावते. मत द्यायच्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

यंदा दिवाळीला भासऱ्यांकडून फराळ आला. जावेने आणला, आणि तिच्यामागे दारापर्यंत ते स्वतः आले होते. आत आले नाहीत. नवरा बाहेर जाऊन त्यांच्याशी पावसापाण्याचं, कापसाचं बोलत उभा राहिला. मी आतून दोन कप चहा दिला. स्वतःचा कप नवऱ्याने भरलेलाच परत आणला, बोलता बोलता प्यायचा राहून गेलेला. दुसरा भासऱ्यांनी बाहेर उभ्याउभ्याच प्यायला होता.